चर खोल केला, तरी पाणी का उतरेना?

प्रश्न : आमची भातखाचरं आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आहेत. रस्त्याच्या कडेने चर जातो आणि डोंगरावरचं पाणी त्यातून ओढ्याला मिळतं. चार वर्षांपूर्वी खालच्या अंगाला एका प्लॉटमध्ये गाडी जावी म्हणून चरात एकेक फुटाचे चार नळ टाकले, वर मुरूम आणि काँक्रीट केलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात आमच्या खाचरांत पाणी शिरतं. गेल्या मे महिन्यात आम्ही वर्गणी काढून चर जेसीबीने कमरेइतका खोल करून घेतला. तरी जुलैत पाणी पूर्वीइतकंच चढलं. शिवाय पाऊस उघडला तरी चरात पाणी साचून राहतं, ते वेगळंच. खोल चरातलं पाणी खालून वाहायला नको का?
— एक शेतकरी वाचक, आंदर मावळ

उत्तर : वाहायला हवं, पण खालची मोरीही तेवढीच खोल असती तर. चराचं तळ तुम्ही ठरवलंत, पाण्याची पातळी मात्र त्या चार नळांनी ठरवली. नळ बसवले तेव्हा ते जुन्या चराच्या तळावर टेकवलेले असणार. आता तुमचा चर त्यांच्या वरच्या बाजूला दोन फूट खाली गेला आणि नळ जिथल्या तिथे राहिले. मोरीचं तळ हा चराचा उंबरा झाला. पाऊस उघडल्यावर जे पाणी साचून राहतं ते या उंबऱ्याच्या उंचीपर्यंतचं. तिथे काठी बुडवून बघा, बरोबर तेवढंच भरेल. उंबऱ्याखालच्या भागातून पाणी वाहतच नाही, त्यामुळे वर्गणीचे पैसे जिथे खर्ची पडले तो खोलगट भाग एकदोन पावसाळ्यांत गाळाने भरून पुन्हा पूर्वीसारखा होईल.

हे झालं साचणाऱ्या पाण्याचं. जुलैत चढणाऱ्या पाण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते नळांच्या तोंडात आहे.

चार एकफुटी नळ म्हणजे एक दोनफुटी नळ, असा हिशोब गावोगाव केला जातो. नुसतं तोंडाचं क्षेत्रफळ मोजलं तर तो बरोबरही येतो. पण पाणी नळाच्या भिंतीला घासत जातं, आणि लहान नळात पाण्याच्या मानाने भिंत जास्त असते. त्यामुळे काठोकाठ भरून वाहणाऱ्या नळाचा व्यास दुप्पट केला तर त्यातून चौपट नव्हे, सहापटीहून जास्त पाणी जातं. उलट बाजूने बघितलं तर एका दोनफुटी नळाचं काम करायला एकफुटी नळ सहा-सात लागतील. तुमच्याकडे चार आहेत. तेही नवे, आतून गुळगुळीत आणि रिकामे आहेत असं धरून. चार वर्षांत ते तसे राहिले नसणार. निम्म्या उंचीपर्यंत गाळाने भरलेला नळ निम्मं पाणी नेतो असं वाटतं, पण तसं नाही. वाहायला जागा निम्मी उरते आणि घासायला पृष्ठभाग मात्र निम्म्याहून जास्त राहतो, म्हणून प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच पाणी पुढे सरकतं.

आता वरून येतं किती, ते बघू. एक हेक्टरवर तासाला १ सेंटिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला तर सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी होतं. तुमच्या चराला वरचा १० हेक्टर डोंगरउतार मिळतो असं धरा, म्हणजे पंचवीसेक एकर. जुलैत जमीन आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते. तासाला ५ सेंटिमीटरच्या हिशोबाने एखादी सर कोसळली तर १,४०० लिटरच्या घरात आकडा जातो. त्यातलं थोडं मुरलं, थोडं खाचरांनी धरलं, साठ टक्केच चरात आलं, तरी सेकंदाला ८०० लिटरच्या वर. नळाच्या तोंडाशी पाणी नळाच्या माथ्याला टेकेपर्यंतच चढू द्यायचं म्हटलं तर एकफुटी चार नळ मिळून अडीचशे लिटरच्या आसपास पाणी घेतात. एक दोनफुटी नळ तीनशे-साडेतीनशे घेतो. एक तीनफुटी नळ हजाराच्या जवळपास जातो. तुमच्या चरावर तीनफुटी नळ एकटा असता तरी भागलं असतं.

उरलेल्या साडेपाचशे लिटरचं काय होतं? ते नळाच्या मागे चढतं. चढेल तसा नळाच्या तोंडावर दाब वाढतो आणि नळ थोडं जास्त ओढायला लागतात. येणारं आणि जाणारं पाणी बरोबरीला येईल एवढी उंची मिळेपर्यंत ते चढतच राहतं. तेवढी उंची तुमच्या बांधाला नाही. म्हणून बरोबरी व्हायच्या आधीच पाणी बांध ओलांडून खाचरात उतरतं. तळ कितीही खाली नेलं तरी या हिशोबात फरक पडत नाही, कारण अडचण तळाची नाहीच, तोंडाची आहे.

हे चढलेलं पाणी मोरीपाशीच थांबतं असंही नाही. चराला दोनशे फुटांत एक फूट उतार असेल आणि मोरीपाशी पाणी दीड फूट तुंबलं तर त्याचा फुगवटा मागे तीनशे फुटांपर्यंत जातो. नुकसान ज्याचं होतं त्याचं शेत मोरीला लागून नसतंही. त्यामुळे तिसऱ्या बांधावरचा शेतकरी डोंगराला आणि पावसाला दोष देत बसतो, आणि मोरीकडे कोणी बघत नाही.

दोष मोरीचाच आहे याची खात्री करायला फार काही लागत नाही. जोराचा पाऊस चालू असताना, रस्त्यावर उभं राहून, मोरीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी बघा. काँक्रीटच्या कडेवर आधीच रंगाने फुटाच्या खुणा करून ठेवल्या असतील तर उत्तम. वरच्या अंगाला पाणी चढलेलं आणि खालच्या अंगाला हातभर खाली धावणारं दिसलं, तर अडथळा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. दोन्ही बाजूंना पातळी जवळजवळ सारखीच आणि दोन्हीकडे पाणी संथ दिसलं, तर ही मोरी निर्दोष आहे. अडथळा आणखी खाली आहे. पुढची मोरी, ओढ्याचं तोंड, किंवा कोणी ओढ्यात केलेला भराव. अशा वेळी इथली मोरी फोडून मोठी केली तर पैसे पाण्यात जातील. तपासणी नेहमी ओढ्यापासून सुरू करून वर यावं, आणि चरही खालून वर साफ करत यावं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. ज्याच्या शेतात पाणी शिरतं तो आपल्या शेतापुढचा तुकडा खणून घेतो आणि तिथेच थांबतो.

आता आंदर मावळाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण चराचा आणि मोरीचा प्रश्न इथे जितका टोकाचा होतो तितका तळेगावच्या सपाटीवर होत नाही.

पहिलं कारण पाऊस. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, वडगाव-तळेगावकडे तो याच्या निम्म्याच्याही बराच खाली येतो. आंदर मावळ या उतरंडीवर आडवं पसरलेलं आहे. कान्हे फाट्यावरून निघालं, इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुकला आलं की पाऊस एका प्रकारचा. तिथून वडेश्वर, नागाथली, खांड, कुसूर असं कड्याकडे जावं तसा तो वाढत जातो. ठोकरवाडीचं धरण टाटांच्या वीज कंपनीने १९२२ मध्ये पुरं केलं ते या पावसाच्याच भरवशावर. आंद्रेच्या खोऱ्यातलं पाणी अडवून पश्चिमेला भिवपुरीच्या वीजघराकडे सोडलं. ज्यांनी हे खोरं हेरलं त्यांनी पावसाचा हिशोब काटेकोर केला होता. पण आपण रस्त्यावर मोरी टाकताना खालच्या गावात जो नळ टाकतो तोच वरच्या गावात टाकतो, कारण तो दुकानात मिळतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. टाकव्याला जेमतेम पुरणारा नळ कुसुरात पुरणार नाही, हे सांगायला अभियंता लागू नये.

दुसरं कारण उतार. इथले डोंगर सरळ अंगावर आल्यासारखे उतरतात आणि पायथ्याशी एकदम सपाट होतात. वरून धावत येणाऱ्या पाण्यात माती, वाळू, मुठीएवढे गोटे, पातेरा, फांद्या असं सगळं असतं. धावतं पाणी हे वाहून नेऊ शकतं. वेग कमी झाला की आधी गोटे खाली बसतात, मग वाळू, मग माती. उतार जिथे मोडतो तिथे हे ओझं उतरतं, आणि आपले रस्ते नेमके तिथून जातात, कारण खाली खाचरं किंवा धरणाचं पाणी आणि वर डोंगर. म्हणजे मोऱ्या सगळ्या गाळ बसण्याच्याच जागी. त्यात मोरी अपुरी असेल तर तिच्या मागे पाणी तुंबून आणखी संथ होतं आणि जो गाळ पुढे ओढ्यात गेला असता तोही इथेच बसतो. गाळाने तोंड लहान होतं, तोंड लहान झाल्याने पाणी तुंबतं, तुंबल्याने गाळ बसतो. हे चक्र एका पावसाळ्यात दोनफुटी नळ निम्मा बुजवू शकतं.

खालच्या अंगाला उलटा प्रकार चालतो. दाबाने बाहेर पडणारं पाणी वेगाने तळ खरवडतं. मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, एखाद्या जुन्या नळमोरीच्या खालच्या तोंडाशी वाकून बघा. नळाच्या शेवटच्या तुकड्याखालची माती गेलेली असते आणि तो अधांतरी लोंबत असतो. त्याच्या मागचा सांधा बोटभर उघडलेला दिसतो आणि त्या फटीतून वरचा मुरूम आत गळून नळात त्याचा ढीग झालेला असतो. रस्त्यावर त्याच जागी मधोमध डांबर बसलेलं असतं. लोक तो खड्डा बुजवतात. पुढच्या वर्षी तो पुन्हा पडतो, कारण खालून माती जायची थांबलेली नसते. मोरीच्या खालच्या तोंडाशी दोन-तीन मीटरपर्यंत मोठ्या दगडांचं पिचिंग केलं आणि नळाच्या दोन्ही तोंडांना भिंती बांधल्या की हे थांबतं. खर्च सगळ्या कामाच्या मानाने किरकोळ. पण पैसे कमी पडले की आधी तोच गाळला जातो.

पूर्वी या भागात ओढ्यावर लाकडी साकव असत. काठावरून काठावर दोन-चार जाडजूड ओंडके, वर आडव्या फळ्या किंवा कामट्या. माणूस आणि जनावर जाईल एवढंच. पावसाळ्यात कधी वाहून जायचे आणि पुन्हा टाकावे लागायचे. ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला घेऊन गाडी गावाबाहेर निघाली पाहिजे, दूध वेळेवर फाट्यावर पोचलं पाहिजे. पण त्या साकवाखाली ओढा संपूर्ण मोकळा असायचा, आणि नळमोरीने हेच पहिल्यांदा घालवलं. आपण मोरी वरून मोजतो : रुंदी किती, काँक्रीट किती जाड, ट्रक जाईल का. पाण्याच्या दृष्टीने मोलाची आहे ती स्लॅबखालची पोकळी. चराच्या तळाची रुंदी चार फूट असेल तर मोरीला मध्ये खांब नसलेला निदान चार फुटांचा मोकळा गाळा हवा. तीन किंवा चार नळ शेजारी शेजारी टाकले की त्यांच्यामध्ये मुरूम-काँक्रीटच्या भिंती तयार होतात, प्रत्येक भिंतीवर एक फांदी आडवी अडकते, फांदीवर पातेरा अडकतो, त्यावर शनिवार-रविवारच्या पर्यटकांनी टाकलेल्या वेफर्सच्या पिशव्या आणि बाटल्या येऊन चिकटतात. तासाभरात चारांतले दोन नळ बंद.

म्हणून तुमच्या चरावर काय करावं याचं माझं उत्तर असं : ते चार नळ काढून एक चौकोनी स्लॅबची मोरी. तळ सपाट, ओढ्यापासून तुमच्या शेतापर्यंत जो सलग उतार येतो त्या रेषेवर, किंबहुना वीतभर खालीच, म्हणजे वर थोडा गाळ बसला तरी तो चराच्या तळाशी मिळून जाईल. ही रेषा काढायला गवंड्याकडची पाण्याची नळी आणि एक दिवस पुरतो. स्लॅब जमत नसेल तर निदान एकच मोठा, तीनफुटी नळ. त्यात माणूस वाकून आत जाऊन गाळ ओढू शकतो. एकफुटी नळात हात कोपरापर्यंत जातो आणि मग फक्त देवावर हवाला.

फरशीचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण सांगून ठेवतो. कमी वर्दळीच्या जागी पाणी रस्त्यावरून जाऊ देणारी बुटकी फरशी ही वाईट गोष्ट नाही. खालचे नळ बुजले तरी पाणी वरून निघून जातं, शेतात शिरत नाही. अट एकच : पाणी वरून जात असताना कोणीही गाडी घालायची नाही. फूटभर खोल वाहतं पाणी छोटी मोटार उचलायला पुरेसं असतं.

प्रश्न : चरातलं गवत-झुडूप पूर्ण काढावं की थोडं ठेवावं? काही जण म्हणतात गवतामुळे माती धरून राहते.

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त जागा वेगळ्या. आयर्लंडचे अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये उघड्या प्रवाहांसाठी एक सूत्र मांडलं. आजही जगभर चर आणि कालवे त्यावरच बेतले जातात. त्यात उतार आणि आकार यांच्याबरोबर तळ-काठाच्या खरबरीतपणाचा एक आकडा असतो. स्वच्छ मातीच्या चराचा तो ०.०२२ च्या आसपास, आणि दाट गवत-झुडपांनी भरलेल्या चराचा ०.०८ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे तेवढ्याच उंचीच्या पाण्याला तोच चर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वाट देतो. म्हणून तळातलं सगळं काढायचं. घाणेरी आणि बेशरम मुळासकट, कारण त्यांचे दांडे फुटतात आणि तोडलेला दांडा वाहत जाऊन मोरीत अडकतो. काठांच्या उतारावरचं बुटकं गवत मात्र खरवडू नये, विळ्याने वरवर कापावं. जेसीबीचा चालक घाईत दोन्ही काठ उभे कापतो, उघडी माती पहिल्या सरीला ढासळते आणि साफ केलेला चर जूनमध्येच भरतो. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवला तरी तोच परिणाम. तो खाचरात पसरवावा, नाहीतर चरापासून चार पावलं लांब टाकावा.

साफसफाई एकदा करून भागत नाही. मे महिन्यातली, मृगाच्या आधीची, सगळेच करतात. पण उन्हाळाभर डोंगरावर साठलेला पातेरा आणि फांद्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींबरोबर खाली येतात आणि थेट मोरीच्या तोंडाशी थांबतात. लावणीची धांदल सुरू व्हायच्या आत, उघडीप बघून, मोऱ्यांच्या तोंडांवरून एक फेरी मारायलाच हवी. वर्षातून एकच फेरी शक्य असेल तर मी ही दुसरी निवडेन. पाणी वाहत असताना मात्र नळाच्या तोंडाशी उतरू नये. भरलेला नळ ओढून घेतो आणि तिथून सुटका होत नाही. काम लांब बांबूला आकडी लावून, काठावरून करायचं.

प्रश्न : मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली तर कचरा आत जाणार नाही ना?

उत्तर : आत जाणार नाही, जाळीवर बसेल. नळ बुजायचा तो जाळी बुजेल, आणि तीही लवकर. जाळी बसवायचीच तर नळाच्या तोंडाला चिकटून नको. दहा-बारा पावलं वर, तिरकी, गजांमध्ये वीतभर अंतर ठेवून, आणि पावसात ती साफ करायला रोज जाणारा माणूस ठरलेला असेल तरच.

प्रश्न : हे सगळं करायचं कोणी? ग्रामपंचायत म्हणते रस्ता आमचा नाही, खातं म्हणतं चर गावाचा आहे.

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त पत्रांतून दिसतो आणि सगळ्यांत जास्त खटकतो. १५ जून २०२५ रोजी आपल्याच तालुक्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला आणि चार माणसं गेली. तेव्हापासून पुलांच्या तपासणीची मागणी होते, ती व्हायलाच हवी. पण सहा मीटरपर्यंतच्या मोरीला पूल म्हणूनही कोणी मोजत नाही. ती पडत नाही, फक्त बुजते, आणि नुकसान होतं ते तीनशे फूट वरच्या एखाद्या खाचराचं. त्याची बातमी होत नाही.

कायद्यात मालकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, त्यांच्यावरचे व कडेचे पूल आणि चर, तसंच ओढे-नाले ही शासनाची मालमत्ता आहे. कायदा पूल आणि चर एकाच दमात घेतो, म्हणजे रस्ता एकाचा आणि चर दुसऱ्याचा हे उत्तर चालत नाही. तुमचा रस्ता कोणत्या वर्गातला ते आधी काढा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. रस्त्याकडेच्या फलकावर त्या वर्षांचे आकडेही लिहिलेले असतात. तो फलक वाचा, फोटो काढा.

पण कागदाने गाळ निघत नाही. जिथे चर वर्षानुवर्षं वाहते राहिले तिथे लोकांनीच ते आपले मानले. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पांझरा-मोसमच्या काठची गावं बंधाऱ्यांचे पाट आपणच राखत आली, आणि त्या कामाला पाटकरी, जागल्या अशी नेमलेली माणसं होती. जपानमधल्या भातशेतीच्या गावांत लावणीआधी घराघरातून माणूस येतो आणि पाट-चर एकत्र साफ होतात. नेदरलँड्समध्ये पाण्याची मंडळं शरद ऋतूत चरांची पाहणी करतात, आणि ज्याच्या जमिनीला चर लागून आहे त्याने तो साफ केला नसेल तर त्याला जाब विचारतात. मावळात लावणीला इर्जिक करणारी गावं आजही आहेत. त्याच माणसांनी लावणीआधीचा एक दिवस मोऱ्यांसाठी काढावा, असं मला मनापासून वाटतं. वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी भाताने या तालुक्याला नाव दिलं. ते भात ज्या खाचरात उभं असतं त्याच्या बांधापर्यंत येणारं पाणी किती आणि कसं यावं, हे एखाद्या प्लॉटच्या फाटकाने ठरवू नये.

फाटकापुढच्या अशा खासगी मोऱ्यांबद्दल एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आपण रस्ता अडवल्याच्या दाव्यांसाठी ओळखतो. त्याच कलमात, शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक निचरा कोणी बेकायदा अडवला आणि त्याने नुकसान होत असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा अधिकारही तहसीलदारांना दिलेला आहे. दावा मात्र अडथळा सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. पहिल्या प्रश्नातल्या वाचकांच्या मोरीला चार वर्षं झाली, तेव्हा हा मार्ग त्यांना बहुधा बंद झाला आहे. त्यांनी रस्ता ज्या खात्याचा आहे त्याच्याकडेच जावं आणि विनापरवाना टाकलेल्या नळांबद्दल लेखी तक्रार करावी. त्याआधी प्लॉटवाल्यांशी बोलून बघावं, कारण खालच्या तोंडाची माती जाऊन त्यांचाही रस्ता एक दिवस खचणार आहे. स्लॅबचा खर्च दोघांत वाटला तर दोघांचाही फायदा. ज्यांच्या चरात याच वर्षी नवे नळ पडले आहेत त्यांनी मात्र जानेवारीची वाट बघू नये. मोरीच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीचे, तारीख दिसेल असे फोटो जुलैतच काढावेत, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा आणि वडगावला तहसील कार्यालयात अर्ज द्यावा.